डोंगराळ भागात उन्हाळी सुट्टी : मुलं आणि आजी बरोबर असताना एका दिवसाच्या सहली कशा आखाव्यात?

मधली_पिढी

नमस्कार मंडळी,

या उन्हाळ्यात आठ दिवस डोंगरात राहायला जातो आहोत. आम्ही दोघं, आठ वर्षांचा मुलगा, साडेतीन वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. मुक्काम एकाच ठिकाणी, साधारण १८०० मीटर उंचीवर. तिथून रोज सकाळी निघायचं आणि अंधाराच्या आत परत यायचं, एवढंच ठरलंय.

मागच्या वर्षीही असेच गेलो होतो आणि सहल पार फसली. एका दिवसात पाच ठिकाणं असा कार्यक्रम होता. सात तास गाडीत गेले, मुलीला तीनदा उलटी झाली आणि पाचव्या ठिकाणी पोचलो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही बघून या, मी बसते इथंच." घरी आल्यावर मुलाला विचारलं, सगळ्यात जास्त काय आवडलं? तो म्हणाला, "टायर पंक्चर झाला ना, तेव्हा आपण ओढ्यात दगड टाकले ते." चाळीस मिनिटं थांबलो होतो तिथं. यादीत नसलेली तेवढी एकच जागा.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तर या वेळी कसं आखावं? किती चालवावं, किती वाजता निघावं, आजींना बरोबर कसं घ्यावं? शिवाय ३५०० मीटरवर एक खिंड आहे, गाडी थेट वर जाते आणि उन्हाळ्यातही बर्फ मिळतो म्हणे. मुलगा त्यासाठी हट्ट धरून बसलाय. तिथं दुसऱ्याच दिवशी गेलं तर चालेल का?

चढउतार

तुमच्या मुलानं उत्तर देऊनच टाकलंय. दिवसाला एक जागा, आणि त्या जागेपाशी पाणी.

वेळेबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण बरीच कुटुंबं तिथंच चुकतात. सुट्टी म्हणून उशिरा उठायचं, सगळं आवरून दहा-साडेदहाला निघायचं आणि ऐन उन्हात चढाला लागायचं. डोंगरात उन्हाळ्याचा चांगला वेळ सकाळचा. ऊन चढलं की उतार तापतात, त्यांना लागून असलेली हवा हलकी होते आणि दरीतून वर सरकायला लागते. वर जाता जाता ती थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग बनतात. सकाळी आठला स्वच्छ दिसणाऱ्या आकाशात अकराला कापसाचे पुंजके येतात, दोनला त्याच पुंजक्यांचे मनोरे होतात आणि तीन-चारला गडगडाट सुरू. रोज होईलच असं नाही, पण होतं तेव्हा बहुधा याच क्रमानं. म्हणून सहा-साडेसहाला बाहेर पडा आणि दुपारी एकपर्यंत चालणं संपवा. झोपेतली मुलं उचलून गाडीत ठेवली तरी चालतं, तोंड ओढ्यावर धुवा.

चालायला किती वेळ लागेल याचा एक जुना हिशोब आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं तो १८९२ साली मांडला : साधारण ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे ३ किलोमीटर वाट आणि ३०० मीटर चढ असेल तर ३६ अधिक ३०, सुमारे ६६ मिनिटं. पण हा धडधाकट, सरावलेल्या माणसाचा हिशोब झाला. लहान मूल स्वतःच्या पायांनी चालणार असेल तर मी वेळ दुप्पट धरतो आणि वर एक तास मुंग्यांसाठी राखून ठेवतो. हे खरंच सांगतोय. माझी मुलगी चार वर्षांची असताना एक मेलेला भुंगेरा ओढत नेणाऱ्या मुंग्यांपाशी पाऊण तास बसली होती. भुंगेरा बिळात मावेना. मुंग्यांनी तो बाहेर काढला, फिरवला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. शेवटी एक पंख तोडून टाकला आणि मग तो आत गेला. माथ्यावर आम्ही त्या दिवशी पोचलो नाही. ती मुलगी आता कॉलेजात आहे आणि तो भुंगेरा तिला अजून आठवतो.

दोन_पोरांची_आई

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. एकच भर घालते : एक दिवस सहलीचा, एक दिवस मुक्कामाच्या आसपासचा, असं आलटून पालटून ठेवा. सलग आठ सहली लहानांना झेपत नाहीत आणि चौथ्या दिवसापासून सगळेच एकमेकांवर खेकसायला लागतात.

झऱ्याकाठी

पाण्याचा विषय निघालाच आहे तर हे नीट वाचा, कारण डोंगरातलं पाणी मैदानातल्या पाण्यासारखं वागत नाही.

बर्फ वितळून येणारा ओढा पहाटे सगळ्यात कमी असतो आणि दुपारनंतर, संध्याकाळकडे सगळ्यात जास्त. सकाळी मुलांना घेऊन दगडांवरून सहज ओलांडलेला प्रवाह परतताना ओलांडता न येण्याइतका वाढलेला असू शकतो. पलीकडे जायचंच असेल तर त्याच वेळी परतीचाही विचार करून जा. दुसरं म्हणजे, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर कुठंतरी ढग फुटलेला असू शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज बदलला, तर सामान तिथंच टाकून मुलांना उचलायचं आणि काठावर उंच जायचं. वरच्या अंगाला धरण असेल तर पाणी सोडण्याबद्दलचे फलक लावलेले असतात, ते आधी शोधा.

खेळायला जागा निवडताना मी आधी एकटी खालच्या अंगाला शंभरेक पावलं चालून येते. मूल घसरलं तर कुठं जाईल, हे बघायला. खाली धबधबा, घळ किंवा अडकलेले ओंडके असतील तर ती जागा बाद, वर कितीही सुंदर असो. वळणाच्या आतल्या बाजूला पाणी संथ असतं आणि तिथं बारीक खडी साठते. तीच मुलांची जागा. गार पाण्यात अचानक पडलं की माणूस आपोआप जोरात श्वास ओढतो आणि तोंड पाण्याखाली असेल तर तेवढंच पुरतं. म्हणून "पोहता येतं त्याला" हे कारण इथं चालत नाही. मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, फोन खिशात हवा.

एवढं सांभाळलं की मग सोडा त्यांना. बांध घालू द्या, फोडू द्या, परत घालू द्या. कोरड्या कपड्यांचा जास्तीचा जोड गाडीत नव्हे, पाठीवरच्या पिशवीत ठेवा.

मुलांचा_डॉक्टर

खिंडीबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. दुसऱ्या दिवशी नको. पाचव्या-सहाव्या दिवशी जा.

३५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के असतो, म्हणजे दर श्वासात प्राणवायूही खालच्या तुलनेत साधारण तेवढाच मिळतो. उंचीचा त्रास बहुधा २५०० मीटरच्या वर दिसतो आणि तो पोचल्यापोचल्या नाही, काही तासांनी सुरू होतो. त्यामुळे "वर तर छान होतो, उतरताना बिघडलं" असंही होतं. मुक्काम १८०० वर आहे आणि वर फक्त तास-दीड तास थांबून लगेच उतरणार, ही तुमच्या बाजूची गोष्ट. वर रात्र काढायची असती तर मी इतक्या लहान मुलीसाठी नकोच म्हटलं असतं.

मोठं माणूस डोकं दुखतंय असं सांगतं. साडेतीन वर्षांचं मूल सांगत नाही. ते किरकिर करतं, खेळत नाही, खात नाही, उलटी करतं, मलूल होतं. घाटात गाडी लागल्यावरही अगदी हेच होतं, म्हणून फसगत होते. नियम सोपा ठेवा : उंचीवर मूल बिघडलं तर ते उंचीमुळेच असं धरायचं आणि खाली उतरायचं. उतरल्यावर बरं वाटलं नाही, सुस्ती वाढली, श्वास जोरात चालला, तर थेट दवाखाना. आजींना हृदयाचा, फुप्फुसाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर खिंडीचं त्यांच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्या, तिथं जाऊन नाही.

आणि ऊन. वर हवा गार असते, दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी तापमान उतरतं, म्हणून ऊन लागतंय हे कळतच नाही. पण अतिनील किरणं दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांतला बराचसा भाग, ८० टक्क्यांपर्यंत, खालून परत फेकतो. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला, कानांच्या मागे मलम लावा, दर दोन तासांनी पुन्हा लावा. बर्फावर दोन्ही मुलांना गॉगल हवाच, तोही अतिनील किरणं अडवणारा.

मधली_पिढी

डॉक्टर, खूप आभार. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे, उद्याच विचारते. गाडी लागण्यावर काही उपाय?

वळणावळणाची

मी स्वतः गाडी लागणारी आणि माझी दोन्ही मुलंही तशीच, त्यामुळे यातलं पोटातून ठाऊक आहे. डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, कानातला तोलाचा अवयव सांगतो आपण हलतोय, या भांडणातून मळमळ होते. दोन ते बारा वर्षांची मुलं सगळ्यात जास्त सापडतात. पुस्तक, फोन, रंगकाम घाटात पूर्ण बंद. मूल समोरच्या काचेतून लांबचं बघू शकेल असं बसवा, सीटचा पट्टा मात्र सोडायचा नाही. रिकाम्या पोटी नेऊ नका आणि पोटभर खाऊनही नको, थोडा कोरडा खाऊ बरा. काच जरा खाली. मूल अचानक गप्प झालं, जांभया द्यायला लागलं, ओठांभोवती पांढरं पडलं की पुढच्या दोन मिनिटांत थांबायचं. "अजून पाच किलोमीटर फक्त" असं म्हणायचं नाही. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी.

तीव्र उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवा. ब्रेक तापत नाहीत आणि मागच्यांना हिसकेही कमी बसतात. आम्ही एकदा भाड्याच्या गाडीनं गेलो होतो, चालक सतत ब्रेक दाबत उतरवत होता. जळका वास यायला लागला तेव्हा थांबवून अर्धा तास चाकं गार होऊ दिली. तेव्हापासून ठरवताना आधीच सांगते : सावकाश, आणि म्हणू तिथं थांबायचं.

उतरताना कान दडपतात तेही मुलांना सांगता येत नाही, नुसती रडतात. घोट घोट पाणी द्या, गिळलं की कान मोकळे होतात. सर्दी असेल तर रोपवेचा बेत पुढं ढकला.

एकाहत्तरावं_वर्ष

इतका वेळ वाचत होते. मी स्वतः आजी आहे, वय ७१, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. म्हणून तुमच्या सासूबाईंच्या वतीनं लिहिते.

"मी बसते इथंच" हे वाक्य मीही पुष्कळदा म्हटलं आहे. त्याचा अर्थ दर वेळी पाय दुखतात असा नसतो. बऱ्याचदा अर्थ असा असतो की स्वच्छतागृह कुठं आहे ते कुणी सांगितलेलं नाही, म्हणून सकाळपासून पाणी प्यायलेली नाही, आणि आता डोकं जड झालंय. सुनेला हे सांगायचा संकोच वाटतो. निघायच्या आधी तुम्हीच सांगून टाका : इथं सोय आहे, इथं नाही, मध्ये इथं थांबू. उंचावर कोरड्या हवेत शरीरातलं पाणी लवकर कमी होतं, न पिता राहणं आम्हाला महागात पडतं.

दुसरं, चढापेक्षा उतार जड जातो. चढताना दम लागतो, तो थांबलं की ओसरतो. उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो आणि तो ठणका रात्रभर राहतो. "वर रोपवेनं जाऊ, मग खाली सावकाश चालत येऊ" असा बेत तरुण मंडळी आमच्या सोयीसाठी म्हणून करतात, आमच्यासाठी तो नेमका उलटा आहे. वर चालू द्या थोडं, खाली पाळण्यातून आणा. आणि दोन काठ्या घ्या, एक नव्हे. उतरताना त्या जराशा लांब करायच्या, चढताना आखूड.

तळ्याभोवतीची सपाट वाट मिळाली तर आणखी काही नको. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका वाटेवर नातीनं माझं बोट धरलं होतं. माझी चाल आणि तिची चाल एकच होती. बाकीचे पुढं निघून गेले. आम्ही दोघींनी एका खडकावरची दगडफुलं मोजली, करडी, शेवाळी, एक अगदी केशरी. ती फार सावकाश वाढतात, कित्येक जाती वर्षाला मिलिमीटरभरसुद्धा नाही. तळहाताएवढा एक डाग होता. मी तिला म्हटलं, हा माझ्याहून मोठा असेल बघ. तिनं त्याला नमस्कार केला.

मधली_पिढी

काकू, डोळ्यांत पाणी आलं. स्वच्छतागृहाचं खरंच कधी सुचलं नव्हतं. आज संध्याकाळी नकाशा घेऊन सासूबाईंबरोबर बसते, एक दिवस त्यांनी ठरवायचा.

माथ्यावरून_परत

विजांबद्दल वर उल्लेख आलाय, पण काय करायचं ते लिहायला हवं. चार वर्षांपूर्वी आम्ही दोन मुलांना घेऊन एका उघड्या सोंडेवर होतो. माथा वीस मिनिटांवर. ढग काळे झाले होते, मुलं म्हणत होती "एवढंच राहिलंय", आणि मी ऐकलं. दहा मिनिटांत बायकोच्या मोकळ्या केसांच्या बटा उभ्या राहायला लागल्या. आम्ही धावतच खाली आलो. वीज पलीकडच्या धारेवर पडली. कुणाला काही झालं नाही, पण ती वीस मिनिटं मला आजही बोचतात.

तर : चमक दिसल्यावर आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर तुम्ही पक्क्या छपराखाली किंवा पत्र्याच्या टपाच्या बंद गाडीत असायला हवं. एकटं झाड, तंबू, उघडी शेड, गुहेचं तोंड यांतलं काहीही आसरा नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. सहल सुरू व्हायच्या आधीच मुलांना सांगून ठेवा की परत फिरायची वेळ अमुक, मग माथा समोर दिसत असला तरी. तिथं उभं राहून ठरवायला गेलं की मुलांचे चेहरे बघून आपण विरघळतो.

चढउतार

वरच्या प्रतिसादातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा. मुलांच्या गळ्यात शिट्टी अडकवा, हेही. वाट चुकली तर शोधत फिरायचं नाही, जवळच्या झाडाला धरून तिथंच बसायचं आणि शिट्टी मारायची. मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. डोंगरात मदत मागायची ही पुष्कळ देशांत चालणारी खूण आहे. घरीच दोनदा खेळून घ्या.

दोन_पोरांची_आई

लहानीला पाठीवरच्या झोळीत बसवणार असाल तर एक. चालणारा घामाघूम असतो आणि झोळीतलं मूल हालचाल न करता वाऱ्यात बसलेलं असतं. स्वतःला गरम होतंय म्हणून तिचं जाकीट काढू नका. मानेला मागून आत हात घालून बघा, हातपाय गारच लागतात, त्यावरून कळत नाही. आणि आठ वर्षांच्या मुलाला स्वतःची छोटी पिशवी द्या, त्याच्या वजनाच्या दहाव्या हिस्स्यापेक्षा जास्त भरू नका. पाणी, टोपी, भिंग. भिंग विसरू नका.

झऱ्याकाठी

खिंडीत जाणार आहात तर मुलासाठी एक गंमत. पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली वर उघडायची, झाकण घट्ट लावायचं आणि मुक्कामी येईपर्यंत उघडायची नाही. काय होतं ते मी सांगत नाही. येताना मात्र ती घरी आणा, वर टाकू नका.

मधली_पिढी

परवा रात्री परतलो. मोठा प्रतिसाद होणार आहे, पण ज्यांनी इतकं लिहिलं त्यांना कळायला हवं.

आठ दिवसांत चार सहली केल्या, चारच. पहिले दोन दिवस मुक्कामाच्या मागच्या ओढ्यावर. मी आधी खालच्या अंगाला चालून बघितलं, साठ पावलांवर एक घळ होती, म्हणून जागा बदलली. मुलांनी तीन बांध घातले.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा दिवस. त्यांनी तळं निवडलं. दोन काठ्या घेऊन पूर्ण फेरी मारली, मध्ये चार वेळा बसल्या. मुलगी त्यांच्याबरोबरच राहिली. काय बोलत होत्या माहीत नाही, आम्ही मुद्दाम पुढं गेलो नाही आणि जवळही गेलो नाही.

पाचव्या दिवशी एका टेकाडावर निघालो होतो. अकराला परत फिरायचं ठरलं होतं आणि अकराला माथा पंधरा मिनिटांवर दिसत होता. ढग तेव्हा अगदी पांढरे, निरुपद्रवी वाटत होते. मुलगा रडला. मीही जवळजवळ विरघळले होते, नवऱ्यानं पाठ फिरवली आणि चालायला लागला. पावणेदोनला आम्ही व्हरांड्यात होतो तेव्हा पहिली वीज चमकली. सासूबाई मोठ्यानं मोजायला लागल्या, मुलं त्यांच्या सुरात. बाराला आवाज आला. "चार किलोमीटर!" असं मुलगा ओरडला आणि आजीच्या मांडीत शिरला. पुढचा तासभर तिघं मोजत होती. टेकाडाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

खिंडीत सातव्या दिवशी गेलो, डॉक्टरांना विचारून सासूबाईही आल्या. घाटात तीनदा थांबलो, एकही उलटी नाही. वर सव्वा तास. मुलगी शेवटी शेवटी किरकिर करायला लागली, बर्फ हातात नको म्हणाली, तेव्हा वाट न बघता निघालो. तासाभरात ती पुन्हा बडबडत होती.

बाटलीचं सांगायचं राहिलं. मुलानं ती वर स्वतः बंद केली आणि मांडीवर धरून आणली. अर्ध्या घाटात ती टचकन वाजली, तो दचकला. मुक्कामी पोचेपर्यंत दोन्ही बाजूंनी आत गेली होती, कुणी मुठीत आवळल्यासारखी. मुलीनं विचारलं, "कुणी दाबली?" मग त्यानं तिला समजावलं की वरची हवा विरळ होती, खालची दाट आहे, ती बाहेरून दाबते. आता ती बाटली त्याच्या कपाटात आहे. काल साफसफाईत मी उचलली तर धावत आला. तिच्यात खिंडीतली हवा आहे, झाकण उघडायचं नाही म्हणाला.